काळमेघकाकांची हद्द

काळमेघकाका ऑफिसात आले की आधी हात धुवायचे. कोपरापर्यंत. जयपूरच्या डिसेंबरात नळाचं पाणी बोटं बधिर करतं, तेव्हाही. मग पंच्याच्या तुकड्याने एकेक बोट वेगळं पुसायचे, उजव्या मनगटाला रुमाल बांधायचे आणि टेबलाशी बसायचे. ट्रेसिंगच्या कापडाला खळ असते. घामाचा एक थेंब पडला तरी तिथे पांढरा डाग उठतो, आणि त्या डागावर शाई फुटते. "इथं डाग पडला की तिकडं कोनाचं तरी वावर जाते," असं ते म्हणायचे. आम्ही हसायचो. त्यांचं बोलणंच तसं होतं, ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं.

ही ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं. वनखात्याच्या नकाशा शाखेत मी अनुरेखक म्हणून लागले होते, म्हणजे ट्रेसर. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालच्या रेघा शाईने वर उतरवायच्या, एवढंच काम. तेही कच्चं, सहा सहा महिन्यांच्या मुदतीवर. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन खातीपुऱ्यात घर करून राहिले होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण माझा जन्म छावण्यांतला. माझ्या मराठीत 'मतलब' आणि 'भैया' इतके मिसळलेले, की गावची आत्या आली की तिला माझं निम्मं बोलणं आईने समजावून सांगावं लागे.

काळमेघकाका शाखेचे मुख्य आरेखक. वऱ्हाडातले. ऑफिसात सगळे त्यांना कालमेघजी म्हणत. पहिल्या दिवशी हजेरीपटावर माझं 'शिंदे' हे आडनाव वाचलं आणि त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काहून वो पोरी, मराठी येते का तुले?" मी म्हणाले, येते, मतलब थोडी थोडी. ते म्हणाले, "मतलब नाई, म्हणजे." त्या दिवसापासून ते माझे काका झाले. माझं मराठी त्यांनी सुधारलं, असं मी आजही सांगते. फक्त ते सुधारताना त्यात जे वऱ्हाडी शिरलं ते सासरच्या लोकांना पुढे बरीच वर्षं कळलं नाही.

त्यांनी मला पहिला आठवडाभर पेन हातात धरू दिलं नाही. नुसत्या पेन्सिली तासायला लावल्या. लांब, सुईसारखं टोक, आणि ते वाळूच्या कागदावर फिरवून घ्यायचं. दुसऱ्या आठवड्यात अक्षरं. नकाशावरच्या गावाचं नाव वाचताना मान वाकडी करावी लागू नये, यावर त्यांचा फार कटाक्ष. शेजारच्या टेबलावरच्या एकाने एकदा एका लहानशा वस्तीचं नाव जागा नाही म्हणून गाळलं. काकांनी त्याला काही म्हटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या डब्यावरची त्याच्या नावाची चिठ्ठी तेवढी काढून ठेवली. तो डबा शोधत हिंडला तेव्हा म्हणाले, जागा नव्हती भैया. त्यानंतर शाखेत कोणी वस्ती गाळली नाही.

त्यांचा दुसरा नियम शाखेच्या साहेबांना मुळीच आवडत नसे. जी जागा पाहिली नाही तिचा नकाशा काढू नये. ट्रेसरने तरी निदान एकदा तिथे जाऊन यावं. ट्रेसरला कशाला जायचं, त्याला खाली रेघ आहे, वर कापड आहे, असं साहेब म्हणत. काका ऐकून घेत आणि सर्वेक्षणाची जीप निघाली की मागच्या बाकावर एखाद्या ट्रेसरला बसवून नेत. माझी पाळी आली ती दिवाळीनंतर.

जयपूरपासून दोनेक तासांवर, डोंगरांच्या एका रांगेत, सरकारला अभयारण्य करायचं होतं. सांबरं होती, नीलगायी होत्या, बिबट्या होता. डोंगराच्या पायथ्याशी एक ढाणी होती, म्हणजे पंधरा-वीस घरांची वस्ती, आणि ढाणीच्या वरच्या अंगाला जोहड. मातीचा बांध घालून अडवलेलं पावसाचं पाणी. त्या भागात विहिरी खोल आणि बऱ्याचशा खाऱ्या. माणसं, म्हशी, शेळ्या सगळी त्या जोहडावर जगत. दर उन्हाळ्याच्या शेवटी घरटी माणसं येऊन गाळ उपसायची आणि तो बांधावर टाकून पायांनी दाबायची. हे मला सांगितलं धापूकाकीनं. ती ढाणीतली म्हातारी, नाकात चांदीची फुली, आवाज खणखणीत. सरकारी जीप आल्यावर पुरुष मंडळी जरा मागे उभी राहिली, हीच पुढे आली. तिने काकांना सरळ विचारलं, पाणी आत जाणार की बाहेर राहणार?

डोंगरावरून दोन नाले उतरत होते. वर एकच, मग एका मोठ्या खडकाशी दोन फाटे. आतला नाला डोंगराला लगटून जायचा, बाहेरचा जोहडाच्या पलीकडून. हद्द आतल्या नाल्याने धरली तर जोहड ढाणीकडे राहत होतं. बाहेरच्याने धरली तर अभयारण्यात जात होतं. सोबत आलेल्या रेंजरचं म्हणणं, जनावरांनाही पाणी लागतं. काका म्हणाले, जनावरं रात्री येऊन पितात, माणसं दिवसा, आजवर त्यांचं भांडण झालेलं नाही. आपण कशाला लावून द्यायचं? बराच वेळ बोलणं झालं. शेवटी रेंजरनेही मान डोलावली. काकांनी बांधावर मांडी घातली, गुडघ्यावर सर्व्हेचं छापील शीट घेतलं आणि सगळ्यांच्या समोर पेन्सिलीने आतल्या नाल्यावरून रेघ ओढली. मग ते धापूकाकीला म्हणाले, "जोहड तुम्हारा बाहर रहेगा, काकी. मैंने लिख दिया है."

तिने आम्हाला ताकातली बाजरीची राबडी पाजली. मी तिथे उभी होते. ती रेघ ओढताना मी पाहिली होती. पुढे जे झालं त्यात मला जागा माहीत नव्हती असं म्हणायची सोय काकांनी ठेवली नव्हती.

डिसेंबरात काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. दीड-दोन महिने हिरवी पट्टी, आणि मग जाड काचेचा चष्मा. डावा डोळाही पिकत आलेला. त्यांनी रजेवर राहायला हवं होतं, पण वरून घाई होती; अभयारण्याची अधिसूचना निघायची होती आणि तिच्यासोबत नकाशा जायचा होता. ते पट्टी बांधून यायचे, हात धुवायचे, आणि टेबलाशी बसून आमच्या पेनांचे आवाज ऐकायचे. पेन कापडावर नीट चाललंय की ओरखडतंय हे ते नुसतं ऐकून सांगायचे.

तो नकाशा मी काढत होते. संक्रांतीच्या आदला दिवस होता. जयपुरात संक्रांत म्हणजे पतंग. आदल्या दिवशी दुपारपासूनच ऑफिसं ओस पडतात. माझ्या भावाने मांजा आणून ठेवला होता आणि गच्चीवर माझी वाट पाहत होता. एवढंच कारण. आजारपण नाही, संकट नाही, काही नाही. मला लवकर घरी जायचं होतं.

खडकापाशी, जिथे नाला फुटतो, तिथे माझं पेन बाहेरच्या फाट्यावर गेलं. छापील निळी रेघ ठळक होती आणि काकांची पेन्सिल फिकी. मी हे मुद्दाम केलं नाही. मला ते कळलंसुद्धा नाही. सरळ खालपर्यंत रेघ ओढली, हद्दीचे क्रमांक टाकले आणि डाव्या कोपऱ्यात 'नक्कल' या शब्दापुढे माझी आद्याक्षरं घातली. उजव्या कोपऱ्यात 'तपासले' होतं. ती सही काकांची.

मी नकाशा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो उजेडाकडे नेला, डाव्या डोळ्याजवळ आणला, दूर धरला. मग खाली ठेवला.

"मले दिसत नाई हे. तू दोनदा पाह्यलं ना, पोरी?"

"हो काका."

मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी बोटाने चाचपून कोपरा शोधला आणि मी दाखवलं तिथे सही केली. मग त्यांच्याच नियमाप्रमाणे मी मूळ शीटवरची पेन्सिलीची रेघ खोडरबराने पुसली. सर्व्हेची शीटं कमी मिळायची, ती पुन्हा वापरावी लागत. नीट पुसली, मागे ओरखडासुद्धा राहू दिला नाही. अडीच वाजता मी सायकलवर होते.

चूक उन्हाळ्यात सापडली. अधिसूचना राजपत्रात छापून आली होती, नकाशाच्या अमोनिया प्रिंट निघाल्या होत्या, डोंगराखाली हद्दीचे चुन्याचे खांब उभे राहत होते. काकांचा नवा चष्मा आला होता. भिंगामागे त्यांचे डोळे बैलासारखे मोठे दिसत. एका सकाळी ते बराच वेळ प्रिंटवर वाकून बसले. मग त्यांनी मला बोलावलं आणि खडकाच्या जागी बोट ठेवलं.

मी पाहिलं. माझी रेघ बाहेरच्या फाट्यावरून गेली होती. पुढच्याच महिन्यात माझी कायम व्हायची फाइल जाणार होती. वडिलांच्या पेन्शनीत घर चालत होतं, भाऊ शिकत होता. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मनात नुसती भीती होती, आणि तोंडातून आलं ते असं:

"शीटवर तशीच होती, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रेघ त्यांनी स्वतः ओढली होती. ओढताना मी शेजारी उभी होते हे त्यांना आठवत होतं, आणि त्यांना आठवतंय हे मला दिसत होतं. मग ते "हं" म्हणाले आणि प्रिंटची गुंडाळी करायला लागले.

दोन दिवसांनी ते एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. नकाशा उतरवताना चूक झाली आहे, मूळ हद्द आतल्या नाल्याने होती, तरी शुद्धिपत्रक काढावं, असा मजकूर. खाली दोन सह्यांची जागा. मी तो वाचला आणि पुन्हा वाचायचं सोंग केलं. काकांनी कागद परत घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "मी पाह्यल्याबिगर सही केली, हे तं खरंच हाय. तेवढं मी लिहितो."

आणि तेवढंच लिहिलं. डोळ्याला पट्टी असताना मी नकाशा न पाहता तपासला, हद्द चुकली, दोष माझा. माझं नाव त्या कागदात कुठेच नव्हतं.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, पण जोहड आत आल्याचं त्यांना मनातून बरंच वाटत होतं. पाण्याशिवाय अभयारण्य कसलं. मूळ शीट टेबलावर पसरलेलं होतं. ते म्हणाले, इथे तर मला कुठलीच पेन्सिल दिसत नाही, कालमेघजी. तुमच्या आठवणीवर राजपत्र बदलायचं? मग माझ्याकडे वळले. "तुमने जैसा शीट पर था, वैसा ही ट्रेस किया?"

काका खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटतं त्यांनी मुद्दाम तिकडे पाहिलं, मला त्यांच्याकडे बघून बोलावं लागू नये म्हणून.

"जी, साहब," मी म्हणाले.

काम तिथे संपलं. शुद्धिपत्रक निघालं नाही. उलट, जो माणूस न पाहता सही केल्याचं स्वतः लिहून देतो तो तपासणीला ठेवता येत नाही, असा शेरा पडला आणि काकांची बदली झाली, त्याच अभयारण्याच्या चौकीवर. हद्दीच्या खांबांची देखभाल. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेल्या मुख्य आरेखकाने डोंगराच्या कडेने चालायचं, खांब पडला तर उभा करायचा, चुना उडाला तर चुना लावायचा. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला. माझ्याजवळ येऊन म्हणाले, डावीकडचा ड्रॉवर अडकते, जरा उचलून ओढजो. तेव्हा मला समजलं नाही. आठवड्याने साहेबांनी मला काकांच्या टेबलाशी बसवलं. पावसाळ्यात मी कायम झाले.

काकू जयपुरात, बनी पार्कातल्या खोलीतच राहिल्या. त्यांना दम्याचा त्रास होता आणि चौकीवर डॉक्टर नव्हता. काका रविवारी येत, कधी येत नसत. मी त्या बाजूला जायचं टाळू लागले. पुढच्या संक्रांतीला टिळक नगरात एका मराठी डॉक्टरीणबाईंकडे हळदीकुंकू होतं, आई मला ओढून घेऊन गेली, आणि तिथे काकू भेटल्या. हळकुंडासारख्या वाळल्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि आईला म्हणाल्या, "हे नेहमी म्हणतात, शिंद्यांच्या पोरीचा हात सोन्यासारखा हाय. तिच्या हातचा नकाशा म्हणजे काही पाहाचं कामच नाई." त्या अगदी मनापासून बोलत होत्या. काकांनी बायकोलाही खरं सांगितलं नव्हतं. तिळगूळ मी तोंडात घातला. आई म्हणाली, काकूंच्या पाया पड. मी पडले.

असं करत तिसरा उन्हाळा आला. शाखेकडे एक पत्र आलं. अभयारण्याच्या पूर्व भागातलं जोहड कोरडं पडल्यामुळे वन्य प्राण्यांसाठी सिमेंटचे हौद बांधून टँकरने पाणी भरायचं ठरलं आहे, तरी हौदांच्या जागा दाखवणारा नकाशा द्यावा. साहेबांनी ते माझ्याकडे दिलं. जागा मला ठाऊक आहेत, म्हणून.

मी कापड पसरलं. खडक आला, दोन फाटे आले. जोहडाची निळी जागा आली, तिच्यात आता नुसते ठिपके काढायचे होते. कोरड्या तळ्याची खूण तशीच असते. तो नकाशा मी पुरा केला, दोनदा पाहिला, आणि त्याच टेबलावर एक कोरा कागद घेऊन सगळं लिहिलं. संक्रांत, पेन्सिलीची रेघ, खोडरबर, साहेबांपुढचं 'जी'. हिंदीत लिहिलं, सरकारी कागद होईल असं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि बस धरली.

चौकी म्हणजे दगडाची एक खोली आणि एक कडुनिंब. काका बाहेर खाटेवर बसून बादलीत चुना कालवत होते. अंगावर खाकी शर्ट, डोक्याला पंचा, काळे ठिक्कर पडलेले. मला पाहून त्यांना आनंद झाला, हे सगळ्यात अवघड होतं. माठातलं पाणी संपलेलं होतं, आज भरायचं राहिलं म्हणाले, पण तांब्याभर उरलेल्यातून चहा केला. मी कागद पुढे केला. त्यांनी हात पुसले आणि तो वाचला, हळूहळू, एकेक ओळ भिंगाखाली आणून.

"तारीख नाई टाकली तू," ते म्हणाले.

मी तारीख टाकली.

"हे माह्यासाठी देत असशील तं घेऊन जा. मी इथं बरा हाय. धापूसाठी देत असशील तं ठेव."

"ठेवा," मी म्हणाले. पण तेव्हाही मला नक्की माहीत नव्हतं मी कोणासाठी देतेय ते. बहुधा माझ्याचसाठी.

त्यांनी मला जोहड दाखवलं. तळ भेगाळून पापुद्रे सुटले होते. बांधाला एके ठिकाणी बैलगाडी जाईल एवढं भगदाड. ते सांगत होते, रागावून नाही, एखाद्या रुग्णाची हकीकत सांगावी तसं. अभयारण्यात माणसाला बंदी, म्हणून ढाणीतल्या लोकांना गाळ काढायला येऊ दिलं नाही. खात्याकडे गाळ काढायची सोय नव्हती. पहिल्या वर्षी गाळ साचला, दुसऱ्या वर्षी साळींदराने बांधात बीळ केलं. ते बुजवायला चार माणसं आणि एक दिवस पुरे होता. काकांनी ढाणीतले लोक लावायची परवानगी मागितली. परवानगी आली ती पाऊस संपल्यावर, आणि तोवर बांध गेला होता. ढाणीचंही पाणी गेलं, सांबरांचंही गेलं. भगदाडाच्या तोंडाशी थोडी ओली-सुकी माती नुकती रचलेली दिसत होती, फार तर गुडघाभर. ती कोणी रचली हे मी विचारलं नाही. पलीकडे एक फावडं आणि घमेलं पडलेलं होतं, आणि चौकीवर ते एकटेच होते.

मग आम्ही ढाणीत गेलो. निम्म्याहून जास्त दारांना काटेरी झापं लावलेली होती. जनावरं विकून लोक शहराकडे गेले, काही जयपुरातच खडी फोडायला. धापूकाकी होती. तिने मला ओळखलं. नक्शेवाली बाई, म्हणाली. काका म्हणाले, हां काकी, मेरी बेटी जैसी है. तिने मला सावलीत बसवलं आणि पितळी लोट्यातून पाणी दिलं. मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. मी तो लोटा संपवला, तिने दुसरा भरला. "और पी ले बाई, तावड़ो घणो छै." ऊन फार आहे. मी तिसराही प्यायले. तेव्हा तिने लोटा भरायला घडा तिरपा केला, मग आणखी तिरपा केला, आणि आतून पाण्याऐवजी तळाचा आवाज आला.

मी हिंदीत बोलायला सुरुवात केली. म्हटलं, काकी, वह लकीर, जोहडवाली, वह मैंने गलत खींची थी. कालमेघजी ने नहीं. मैंने.

तिने ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, लहान मुलाने उगाच मोठ्यांचा दोष अंगावर घेतल्यावर ठेवतात तसा. "लकीर तो सरकार की है, बाई," ती म्हणाली. "तू क्या खींचेगी."

काकांकडे पाहायची मला हिंमत झाली नाही.

त्या कागदाचं काय झालं ते सांगून टाकते. काकांनी तो रेंजमार्फत रीतसर वर पाठवला. जुने साहेब बदलून गेले होते. पावसाळ्यात नव्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, कोणतं जोहड? मी सांगितलं. ते म्हणाले, ते तर आता कोरडं आहे ना, मग आत काय आणि बाहेर काय. कागद फायलीला लागला. मला नोटीस आली नाही, समज मिळाली नाही, कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. ज्या शिक्षेच्या भीतीने मी ढाणीचं पाणी आणि एका माणसाचं नाव घालवलं, ती शिक्षा कुठे नव्हतीच. काका निवृत्त होऊन काकूंना घेऊन वऱ्हाडात गेले. मी दोन पत्रं पाठवली, दोन्हींना उत्तरं आली, हवापाण्याची, आंबाडीची भाजी मिळते इकडं अशा मजकुराची. तिसरं पत्र काकूंचं होतं. ते गेले.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते चौकीवर गेले त्याच दिवशी, मे महिन्यातल्या त्या दुपारी. ते आणि धापूकाकी मला सडकेपर्यंत पोचवायला आले. तिच्या डोक्यावर तो रिकामा घडा होता. मला वाटलं ती कुठे कामाला निघाली असेल. बस आली, काकांनी कंडक्टरला सांगून मला खिडकीची जागा मिळवून दिली आणि म्हणाले, "घरी गेल्यावर पत्र टाकजो." बस सुटली. मी मागे वळून पाहिलं. ते दोघं चौकीकडे वळले नव्हते, ढाणीकडेही नाही. बसच्या मागोमाग निघाले होते, सडकेच्या कडेने, पुढच्या गावाच्या हातपंपाकडे. येताना बसमधून तो मी पाहिला होता. तिथून इथवर यायला बसलाही चांगला वेळ लागला होता. थोडं चालल्यावर काका थांबले, त्यांनी तिच्या डोक्यावरून घडा उतरवला आणि आपल्या खांद्यावर घेतला. ती नको म्हणत असावी. हात हलताना दिसले. मग ती पुढे आणि ते मागे, अशी ती दोघं वळणापर्यंत दिसत होती.